पाय दुखतोय? आधी सांगा कुठे आणि कधी

गोव्यात डिचोलीला मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहून मला 14 वर्षं झाली, आणि या 14 वर्षांत सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य कुठलं म्हणाल तर "पांय दुखता, कितें तरी दी." मी विचारते कुठे दुखतो, तर हात असा गुडघ्यापासून खालपर्यंत फिरवून दाखवतात, सगळाच. आता घोट्याखाली एका पायात 26 हाडं आणि 33 सांधे आहेत, त्यात परत नसा, स्नायू, कातडी, नखं, मग "सगळाच" म्हटलं की मी तरी काय देणार, एक वेदनाशामक गोळी नाहीतर मलमाची ट्यूब, आणि गोळ्या संपल्या की माणूस परत दारात हजर.

म्हणून एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, पण दोन वर्षांपूर्वी माझी स्वतःची टाच आठ महिने दुखली त्यामुळे यातलं निम्मं अंगावर शिकलेलं आहे.

गोळी मागायच्या आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. एक बोट ठेवून सांगायचं झालं तर नेमकं कुठे दुखतं, आणि दिवसातल्या कुठल्या वेळी जास्त. सकाळी उठून पहिली दहा पावलं टाकताना टाचेच्या तळाशी खिळा टोचल्यासारखं होतं आणि मग हळूहळू कमी होतं, ते एक दुखणं. चवड्याखाली चपलेत खडा गेलाय असं सारखं वाटतं पण खडा नसतो, ते वेगळं. रात्री अंथरुणात पडल्यावर दोन्ही तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, ते आणखी वेगळं, तिथे बहुतेकदा शुगर नाहीतर बी 12 तपासावं लागतं. चालताना पोटरी आवळून येते, थांबलं की दोन मिनिटांत बरं, परत चाललं की परत तेच, असं बिडी-सिगरेट ओढणाऱ्या माणसाला होत असेल तर पायाला रक्त कमी पोचत असण्याची शक्यता असते, त्याला मलम चोळून काही होत नाही. एकाच "पांय दुखता" मध्ये हे सगळं बसतं बघा.

आता टाच, कारण सगळ्यात जास्त लोक याचेच असतात. आमच्या दुकानात गुळगुळीत टाइल्स, मी पातळ रबरी स्लिपर घालून दिवसाचे नऊ तास उभी, घरी गेल्यावर स्वयंपाकघरात परत टाइल्स आणि तिथे तर अनवाणीच कारण आपल्याकडे घरात चप्पल घालायची पद्धत नाही. एका सकाळी खाटेवरून पाय खाली टाकला आणि भिंत धरूनच बाथरूमला गेले. मला वाटलं वात असेल. शेजारच्या वहिनींनी सांगितलं म्हणून गरम तेलाने टाच जोरजोरात रगडून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट दुखलं. मग एक्स-रे काढला, त्यात टाचेचं हाड वाढलेलं दिसलं आणि मी घाबरून गेले, ऑपरेशनच डोळ्यासमोर. नंतर कळलं की असं वाढलेलं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत पण दिसतं, खरं दुखणं हाडाचं नसतंच.

असतं काय, तर टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, धनुष्याच्या दोरीसारखा, पायाची कमान तोच ताणून धरतो. याला प्लांटर फॅशिया म्हणतात, तो दुखावला की प्लांटर फॅशिआयटिस. रात्री झोपेत पावलं खाली झुकलेली असतात, तो पट्टा आखडून राहतो, आणि सकाळी सगळं वजन त्याच्यावर एकदम टाकलं की तो खेचला जातो, म्हणून पहिली पावलं सगळ्यात वाईट. हे एकदा समजलं की उपाय आपोआप समजतात.

खाटेवरून उतरायच्या आधी बसल्या जागी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने पायाची बोटं नडगीच्या दिशेने मागे ओढा, तळव्याखाली तो पट्टा ताठ झालेला दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला लागतो, दहा सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा, आणि दिवसातून तीनदा. सकाळचं चुकवू नका, बाकीचे दोन चुकले तर एकवेळ चालेल. दुसरा पोटरीचा. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, पुढे झुकायचं, 30 सेकंद, तीन वेळा. पोटरी आखडलेली असली की टाचेवर ओढ येतेच त्यामुळे हा वगळायचा नाही. थोडं बरं वाटायला लागलं की पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, टाचा सावकाश वर-खाली करायच्या, तीन सेकंद वर जायला, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंद खाली यायला, एक दिवस आड. हा थोडा दुखतो सुरुवातीला. पाण्याची बाटली फ्रिजरमध्ये गोठवून संध्याकाळी टीव्ही बघताना दहा-पंधरा मिनिटं तळव्याखाली फिरवा, मधे पातळ फडका असू दे नाहीतर कातडी भाजते थंडीने.

आणि घरात चप्पल. सासूबाईंना हे पटायला दोन महिने लागले, देवघरात नाही आणत म्हटल्यावर मग गप्प झाल्या. घरात घालायची वेगळी जोडी ठेवा, मऊ पण टाचेला आधार असलेली, आणि ओट्यासमोर जाड रबरी मॅट टाका. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात बघा, नेवऱ्या, लाडू, खतखतें, सगळं उभ्याने, आणि मग चवथ संपल्यावर अर्ध्या डिचोलीतल्या बायका माझ्याकडे टाच दुखते म्हणून येतात. नेवऱ्या बसून भरा की, कोणी सांगितलंय उभं राहायला.

बरं व्हायला वेळ लागतो हे मात्र आधीच सांगून ठेवते. बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय बरं होतं पण त्याला काही महिने जातात, सहा काय बारा काय. पंधरा दिवसांत व्यायाम सोडून इंजेक्शन मागणारे खूप असतात. टाचेतल्या स्टेरॉइड इंजेक्शनने आराम पडतो, पण तो थोड्या काळाचा, आणि वारंवार घेतलं तर तो पट्टा फाटायची नाहीतर टाचेखालची चरबीची गादी पातळ व्हायची भीती असते, त्यामुळे ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण आग्रह धरायचा नाही. वेदनाशामक गोळ्यांचं पण तेच, बीपी, किडनी किंवा अल्सरवाल्यांनी न विचारता घेऊ नका, मी काउंटरवर असले तर देतच नाही, मग लोक तोंड वाकडं करून दुसऱ्या दुकानात जातात ती गोष्ट वेगळी.

चप्पल कशी निवडायची तर किंमत बघू नका, हातात घेऊन वाकवा. बोटांपाशी वाकली पाहिजे, मधोमध दुमडता कामा नये. कपडा पिळतात तशी पिळून बघा, सहज पिळली तर परत ठेवा. टाचेजवळ दाबून बघा, बोट पार खालपर्यंत गेलं तर काही उपयोग नाही. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असू दे, आणि खरेदी संध्याकाळी करा कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बरोब्बर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात स्वस्तात मिळालेली जोडी वाईटच असते असं नाही, पण ही परीक्षा घेऊन घ्या. हॉटेलात वेटर म्हणून किंवा वेर्ण्याला कंपनीत सेफ्टी शूज घालून बारा-बारा तास उभी असणारी पोरं येतात ना, त्यांना मी सांगते की बूट बदलायची परवानगी नसेल तर आत जाड इनसोल घाला, मोजे दोन जोड ठेवा, आणि ब्रेकमध्ये मोबाइल बघताना तरी बूट काढून पाय वर ठेवा.

आता पाऊस. आपल्याकडे पाऊस इंचांत मोजतात आणि शंभरी गाठली की पेपरात बातमी येते, आणि ती शंभरी गाठेपर्यंत पायाच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोललेल्या असतात. चिखल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यामध्ये आधी सुरू होतात कारण तिथे हवाच लागत नाही. ओल, घाम, बंद बूट आणि बुरशी, एवढंच कारण. घरी आल्यावर पाय साबणाने धुवून झाल्यावर बोटांच्या मधे वेगळ्या फडक्याने टिपून कोरडं करा, हे लोक करतच नाहीत, पाय पुसतात म्हणजे पायपुसण्यावर दोनदा घासतात आणि झालं. सुती मोजे, रोज बदललेले, बूट एक दिवस आड आलटून पालटून, आणि शक्य असेल तर उघडे सँडल. क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिनची साधी क्रीम मिळते, ती पातळ थर देऊन लावा, आणि खाज थांबली म्हणून लगेच बंद करू नका, बरं दिसल्यावर पण साधारण दोन आठवडे लावत राहायचं, कारण बुरशी वरून गेली तरी आत असते. क्लोट्रिमॅझोल तर एकूण चार आठवडे लागते.

इथे एक विनंती, हात जोडून. "ती लाल-पांढरी ट्यूब द्या, ती लावली की एका दिवसात खाज जाते" म्हणून जे मागता ना, त्यात स्टेरॉइड मिक्स असतं. खाज खरंच एका दिवसात जाते, कारण स्टेरॉइड कातडीची तक्रार बंद करतं, पण बुरशी आत मजेत वाढत राहते, पसरते, आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही. ट्यूबवरची नावं वाचा, क्लोबेटासोल, बीटामेथासोन असं काही दिसलं तर चिखल्यांवर लावू नका. पाऊल किंवा पोटरी लाल होऊन गरम लागत असेल, सूज वर चढत असेल, ताप असेल तर ते आता बुरशीचं राहिलेलं नाही, बेचकीतल्या चिरेतून जंतू आत गेलेत, त्याच दिवशी दवाखाना. आणि शेतात उतरणारे, तुमच्या पायाला चीर किंवा जखम असेल तर गमबूट घातल्याशिवाय भाताच्या पाण्यात जाऊ नका. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिसचा जंतू, तिथूनच शिरतो.

पाऊस गेला की भेगा. नोव्हेंबर-डिसेंबरात हवा कोरडी होते, टाच उघडी राहणारी चप्पल, वरून वजन, कातडी जाड होऊन फाटते. यावर आमच्या आजीचा उपाय आजही मला क्रीमच्या तोडीचा वाटतो, भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. घट्ट गोळाच असतो तो, मुठीत वळलेला म्हणून काहीजण मुठेल म्हणतात, चमच्यात किंचित पातळ करून रात्री भेगांत भरायचा आणि वर जुने मोजे. मात्र हे लावायच्या आधी पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून जाड कातडी दगडाने हलकी घासून काढली नाही तर तेल वरच्या वर राहतं. ब्लेडने कापू नका, कृपा करून. खूपच जाड कातडी असेल तर युरिया असलेली क्रीम, 10 ते 25 टक्क्यांची, रोज रात्री, आठवड्यात फरक दिसतो. भेगेतून रक्त येत असेल तर युरिया झोंबतो, आधी साधं पेट्रोलियम जेली लावून ती बुजू द्या.

कुरूप म्हणजे चप्पल एकाच जागी घासल्याची कातडीने काढलेली पावती. कॉर्न कॅप लावून ते निघतं पण तीच चप्पल राहिली तर चार महिन्यांत परत येतं. आणि कधी कधी कुरूप समजून लोक चामखीळ कापत बसतात. वरून सरळ दाबल्यावर दुखलं तर बहुतेक कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखलं आणि आत काळे ठिपके दिसले तर चामखीळ. नखं सरळ कापा, कोपरे गोल खोदून काढू नका, अंगठ्याचं नख मांसात रुतायचं मुख्य कारण तेच.

आता शुगरवाल्यांसाठी, आणि हे वगळून पुढे जाऊ नका कारण आपल्याकडे घरटी कोणीतरी असतोच. 2023 मध्ये आयसीएमआरच्या देशभरच्या अभ्यासाचे आकडे आले त्यात डायबिटीसचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, 26.4 टक्के, म्हणजे चार मोठ्या माणसांत एक. शुगर बरीच वर्षं जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. माझे सासरे संध्याकाळी बाजारातून आले, पायात रक्त, आणि चपलेतून आरपार आलेली टाचणी त्यांना दिवसभर लागलीच नव्हती. दुखत नाही म्हणजे बरं आहे असं यांच्या बाबतीत धरायचं नाही, उलट दुखत नाही हीच भानगड. रोज रात्री दोन्ही तळवे बघा, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा नाहीतर नातवाला सांगा. पाय शेकायला गरम पाण्यात घालू नका, धुवायचं पाणीसुद्धा कोपराने तपासा, पायाने नाही. कॉर्न कॅप बंद, त्यातलं ऍसिड चांगली कातडी पण खातं आणि जखम भरत नाही. चप्पल घालायच्या आधी उलटी करून झटका. एप्रिल-मेच्या दुपारी मंगेशीच्या किंवा शांतादुर्गेच्या देवळात गेलात तर अंगणातली फरशी तव्यासारखी तापलेली असते, बधिर पायाला ते कळत नाही आणि रात्री फोड दिसतात, एक तर सकाळी लवकर जा नाहीतर जाड सुती मोजे घालून. वर्षातून एकदा पायाच्या नसांची तपासणी मागून घ्या, नायलॉनच्या दोऱ्यासारखं काहीतरी तळव्याला टेकवून विचारतात लागतंय का, दोन मिनिटांचं काम. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी 12 पण बघून घ्या, त्या गोळीने ते कमी होतं.

अंगठ्याचा सांधा रात्री अचानक लालबुंद, चादर लागली तरी जीव जातो, असं असेल तर यूरिक ऍसिड. आमचे एक मामा, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकें, सुंगटां म्हणजे कोळंबी, आणि बिअर, रविवारी हे आणि सोमवारी पहाटे फोन. पाय वर ठेवा, बर्फ लावा, भरपूर पाणी, चोळायचं नाही, आणि डॉक्टरकडे लवकर जा, औषध जितकं लवकर तितकं चांगलं. एक गंमत सांगते, दुखणं ऐन भरात असताना केलेली यूरिक ऍसिडची टेस्ट नॉर्मल येऊ शकते, त्यामुळे ती बघून खूश होऊन बिअर उघडू नका, दोन-तीन आठवड्यांनी परत करा.

पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ येतं आणि पाय मुरगळतात, ते तर रोजचंच. पहिले दोन दिवस बर्फ, एका वेळी 15-20 मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर. चोळून "जागेवर बसवून" देणाऱ्याकडे जाऊ नका. चार पावलंसुद्धा टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबल्यावर कळ येत असेल तर एक्स-रे काढा. आणि समुद्रात पाकट माशाने (स्टिंग रे) काटा मारला तर बर्फ नको, सहन होईल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, अर्धा ते दीड तास, त्या विषाची कळ उष्णतेने उतरते, पाणी किती गरम ते मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने बघायचं आणि मग काटा आत राहिलाय का ते दाखवायला दवाखान्यात जायचं.

वाट न बघता जायच्या गोष्टी: एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर, आणि सोबत दम लागत असेल तर सरळ 108 ला फोन. पाऊल थंड आणि निळसर पडलंय. शुगरवाल्याची कुठलीही जखम. दोन्ही पाय सुजतात आणि दाबलं की खळगा पडतो, ते थांबू शकतं एक-दोन दिवस पण दाखवायचंच, हृदय, किडनी, कधी कधी बीपीची गोळीसुद्धा कारण असते, पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद नाही करायची.

आणि डॉक्टरकडे जाताना लग्नाला घालतो ती चांगली चप्पल घालून जाऊ नका, रोजची घाला. मी नवी घालून गेले होते, डॉक्टरांनी पहिलं विचारलं रोजची कुठेय, दुसऱ्या खेपेला ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेली, त्यांनी उलटी करून बघितली, टाचेची आतली बाजू पार कागदासारखी झालेली, म्हणाले हीच तुमची टाच, आणि पिशवीसकट कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी घरी त्या नव्या चपलेतच आले.